जीव वाचला, आता पाऊल पडले पाहिजे

डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून जिवंत घरी आला की अख्ख्या वस्तीचा जीव भांड्यात पडतो. शेजारी-पाजारी भेटायला येतात, बिस्किटाचे पुडे येतात, ‘मोठ्या संकटातून वाचलास बाबा’ म्हणून पाठीवरून हात फिरवतात. आठ-पंधरा दिवसांनी येणे-जाणे कमी होते. माणूस बाजेवर असतो. एका बाजूचा हात-पाय हलत नाही. घरची माणसे एकमेकांना समजावतात, ‘अशक्तपणा आहे, ताकद आली की उठेल.’ महिना जातो, दोन महिने जातात. अंगावर थोडे मांस चढते, पण माणूस उठत नाही. ज्या महिन्यांत तो उठायला शिकला असता, नेमके तेच महिने बाजेवर निघून जातात.

वसमत आणि आसपासच्या वस्त्यांत काम करताना आम्ही हे पुन्हा पुन्हा पाहतो. म्हणून आज या पानावर आम्हाला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मेंदूला इजा झालेल्या माणसाला पुन्हा चालायला शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे. ऑपरेशन हा पहिला अर्धा आणि फिजिओथेरपी हा दुसरा अर्धा. पहिला अर्धा सरकारी योजनेतून कसाबसा होतो. दुसरा अर्धा गरिबाच्या नशिबावर सोडून दिलेला आहे. बांधवांनो, तो नशिबावर सोडू नका. घरात करा, वस्तीत मिळून करा आणि सरकारकडून हक्काने मागून घ्या.

मेंदू पुन्हा शिकतो

चालणे आपल्याला पायाचे काम वाटते, पण पायाला हुकूम देतो तो मेंदू. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो आणि डावा भाग उजवी. मोटारसायकलवरून पडून डोक्यात उजव्या बाजूला रक्त साकळले, तर डावा हात-पाय लुळा पडतो. पायाच्या हाडाला काही झालेले नसते, स्नायू जागेवर असतो. मार बसलेला असतो तो हुकूम देणाऱ्या जागेला.

मग पाय परत कसा चालायला लागतो? मेंदूचा जो भाग मेला तो परत उगवून येत नाही. पण शेजारचा शाबूत राहिलेला भाग ते काम शिकून घेऊ शकतो. पुरात नेहमीची पायवाट वाहून गेली तर लोक बांधावरून दुसरी वाट पाडतात. एकदा चालून वाट पडत नाही, रोजची ये-जा झाली की पडते. मेंदूतही तसेच होते. बसण्याची, उभे राहण्याची, वजन पेलण्याची, पाऊल टाकण्याची तीच हालचाल शेकडो वेळा, हजारो वेळा केली की नवी वाट तयार होते. फिजिओथेरपी म्हणजे ही वाट पाडण्याचे काम.

या सुधारणेचा वेग पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. त्यानंतरही सुधारणा होते, वर्ष-दोन वर्षांनंतरही होते, पण हळूहळू. म्हणून ‘आता सहा महिने झाले, काय उपयोग’ असे म्हणून कोणी सोडून देऊ नये आणि ‘अजून ताकद येऊ द्या’ असे म्हणून कोणी थांबूही नये.

थांबण्याची किंमत मोठी असते. न हलवलेला सांधा आखडतो. घोटा खाली वळून बसतो आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. लुळा खांदा ओढाताणीने निसटतो. पाठीला, ढुंगणाला जखमा होतात. नंतर मेंदूने हुकूम द्यायला सुरुवात केली तरी आखडलेला पाय तो पाळू शकत नाही. म्हणजे मार लागला एकदा, आणि नुकसान झाले दोनदा.

पाच महिन्यांचा फरक

अमेरिकेत गॅबी गिफर्ड्स नावाच्या माजी खासदारबाई आहेत. ८ जानेवारी २०११ रोजी टूसॉन शहरात लोकांना भेटत असताना एका माणसाने त्यांच्या डोक्यात गोळी मारली. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, उजवे अंग गेले, बोलणे गेले. जीव वाचल्यावर त्यांना ह्यूस्टनच्या पुनर्वसन रुग्णालयात नेले. तिथे जूनच्या मध्यापर्यंत राहून त्यांनी चालण्याचा आणि बोलण्याचा सराव केला. सुट्टी झाल्यावरही सराव थांबला नाही. १ ऑगस्ट २०११ रोजी त्या संसदेत गेल्या आणि मत देऊन आल्या. त्या पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. उजव्या अंगाचा अधूपणा राहिला, शब्द शोधावे लागतात. पण त्या बाजेवर राहिल्या नाहीत.

प्रत्येकाची इजा वेगळी असते, म्हणून प्रत्येकाचे तसेच होईल असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांना जे पाच महिने मिळाले, ते आपल्या वस्तीतल्या पोराला का मिळू नयेत, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

हे श्रीमंत देशाचेच काम आहे असेही नाही. मुंबईत १९५२ साली पोलिओची साथ आली. मुले वाचली, पण त्यांचे पाय गेले. जीव वाचवून भागत नाही, हे तेव्हाच्या सरकारला कळले. मुंबई सरकार, महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९५३ साली केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू केली. दोन वर्षांनी हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. आपल्याच राज्यात हे सुरू होऊन ७० वर्षे उलटली. मुंबईहून ते वसमतच्या वस्तीपर्यंत यायला अजून किती वर्षे लागायची?

सात दिवसांची योजना, सहा महिन्यांचे दुखणे

आपली माणसे डोक्यावर पडतात ती बहुतेक कामावर जाता-येता. हेल्मेट नसलेली मोटारसायकल, मजुरांनी भरलेला ट्रॅक्टर, बांधकामावरची हललेली फळी, चिंचेचे झाड. ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायकांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेडजवळ आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि ७ जणी गेल्या. तो दिवस वसमत तालुका विसरलेला नाही. अशा वेळी सरकार धावून येते, मदत जाहीर होते, आणि ती झालीच पाहिजे. पण रोजच्या लहानसहान अपघातांत जे मरत नाहीत, अर्धे अंग लुळे घेऊन घरी येतात, त्यांची बातमी होत नाही. त्यांच्या दारात कोणी पुढारी येत नाही.

योजना पाहा. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ता अपघातातल्या जखमींसाठी बिनपैशाच्या उपचाराची योजना लागू केली. दीड लाख रुपयांपर्यंत खर्च, अपघातापासून ७ दिवस. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेने डोक्याची कितीतरी ऑपरेशने गरिबांना परवडू लागली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण तिचा सगळा भर भरती आणि ऑपरेशनवर आहे. जीव सात दिवसांत वाचेल, पण सात दिवसांत कोणी चालायला शिकत नाही. सुट्टीच्या कागदावर शेवटी एक ओळ असते, ‘फिजिओथेरपी करावी’. ती कोणी करायची, कुठे करायची, पैसे कुठले, हे त्या ओळीत नसते.

वसमतहून नांदेड ४० किलोमीटरच्या आसपास आहे. सरकारी मेडिकल कॉलेज त्याच्याही पलीकडे विष्णुपुरीला. अर्धे अंग लुळे असलेल्या माणसाला आठवड्यातून तीन वेळा तिथे न्यायचे म्हणजे रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा. त्याची मजुरी बुडालेलीच असते, सोबतच्या माणसाचीही बुडते. चार-सहा फेऱ्या झाल्या की घर थांबते. याला कोणी आळस किंवा अडाणीपणा म्हणू नये. हळद काढणीच्या दिवसांत एका बाईचा एक रोज बुडाला तर त्या घरात काय शिजत नाही, हे ज्याला माहीत आहे तो असे म्हणणार नाही.

सुट्टी घेताना विचारा

म्हणून पहिली लढाई दवाखान्यातच लढायची. सुट्टीचा कागद हातात घेण्याआधी घरच्या माणसाने डॉक्टरांना, सिस्टरना हे पाच प्रश्न विचारायचे. पेशंटला बसवायला आणि उभे करायला परवानगी आहे का? कवटीचे हाड काढून ठेवले आहे का आणि ते परत कधी बसवणार? फिटच्या गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या? व्यायाम कोणते, दिवसातून किती वेळा? पुन्हा दाखवायला कधी यायचे?

आणि फिजिओथेरपिस्टला म्हणायचे, ‘साहेब, एकदा आमच्याकडून करून घ्या.’ नुसते पाहून येत नाही. आपल्या हाताने त्यांच्यासमोर करून बघा. परवानगी घेऊन मोबाईलवर चित्रीकरण करा. मग रोज घरी तेच करायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा जाऊन पुढचा धडा घेऊन यायचा. रोज नांदेडला जाणे जमत नसेल तर हा मधला रस्ता आहे.

घरी काय करायचे

बाजेवर असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्या. रात्रीही. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग या नर्सभगिनी मेंदूच्या इजेने ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. तिथल्या नर्सेसनी त्यांना किती जपले, हे त्यांच्या अंगावर जखम होऊ न देण्यातून दिसले. त्यासाठी महागडे औषध लागले नाही, हात लागले.

लुळ्या बाजूचा प्रत्येक सांधा रोज दोन-तीन वेळा हळूच पूर्ण हलवा. दुखेपर्यंत ओढू नका. झोपताना पाऊल सरळ वर राहील अशी गुंडाळलेली चादर तळव्याशी लावा. उठवताना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निसटतो. कमरेला रुंद ओढणी किंवा गमछा घट्ट बांधा आणि त्याला धरून आधार द्या.

डॉक्टरांची परवानगी मिळाली की क्रमाने पुढे जायचे. आधी कुशीवर वळणे. मग बाजेच्या कडेला पाय टेकवून बसणे. सुरुवातीला माणूस एका बाजूला कलतो, चक्कर येते, म्हणून दोघांनी जवळ राहायचे. आधाराशिवाय बसता आले की बसल्याचे उभे राहणे. हा सगळ्यात कामाचा व्यायाम आहे. खुर्ची पक्की हवी, दोन्ही तळवे जमिनीवर, अंग पुढे झुकवून उठायचे. लुळ्या पायावरही वजन पडले पाहिजे. मग उभे राहून वजन या पायावरून त्या पायावर. मग एक पाऊल.

दिवसातून एकदा तासभर घाम काढण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे चार-पाच वेळा करा. मार लागलेला मेंदू लवकर थकतो, मध्ये विश्रांती लागते. एक वही ठेवा. आज किती वेळा उठला, किती पावले टाकली, लिहून ठेवा. आठवड्याची सुधारणा डोळ्यांना दिसत नाही, वहीत दिसते.

काठी चांगल्या हातात धरायची, लुळ्या बाजूच्या हातात नाही. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी अधू पाय. सटकणारी चप्पल नको, पट्ट्याची हवी. पाऊल लोंबत असेल तर त्याला लावायची प्लास्टिकची पट्टी मिळते, फिजिओथेरपिस्टला विचारा.

कवटीचे हाड काढून ठेवलेले असेल तर उठता-चालताना डोक्याला संरक्षण लागते, हे विसरू नका. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या झाल्या, सारखी गुंगी येऊ लागली, फिट आली, किंवा चांगला हात-पायही ढिला पडू लागला, तर व्यायाम बंद करून तडक दवाखाना. डोक्यात हळूहळू रक्त साठणे मार लागल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकते. फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. आणि दारू पूर्ण बंद. मार लागलेल्या मेंदूला ती झेपत नाही.

तेल, कबुतर आणि हळद

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, ‘सिस्टर, मालिश कोणत्या तेलानं करावं?’ हलक्या हाताने तेल लावले तर बिघडत नाही, बरे वाटते. पण तेलाने मेंदूचा हुकूम परत येत नाही. लुळ्या भागाला चटका कळत नाही, म्हणून गरम विटेने, गरम तेलाने शेकू नका, भाजलेले कळणारही नाही. पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल तर अजिबात चोळू नका, दवाखान्यात दाखवा. आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून छातीत जाऊ शकते.

कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगतो, कोणी भानामती म्हणतो, कोणी ‘वारं गेलंय’ म्हणून मंत्र टाकतो. आपण तर चिकित्सा करायला शिकलेला समाज. तरी संकटात माणूस कुठेही जातो, हे आम्ही समजू शकतो. पण तिथे जाणारे पैसे आणि तिथे जाणारे दिवस, दोन्ही पावलांचे आहेत. आणि आपले गाव हळदीचे. देशभर आपली हळद जाते. म्हणून ती डोक्याच्या उघड्या जखमेत भरायची नसते.

मालिशवाला आणि फिजिओथेरपिस्ट यांत फरक आहे. फिजिओथेरपीच्या पदवीला बारावीनंतर साडेचार वर्षे अभ्यास करावा लागत आला आहे. महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी २००२ सालचा कायदा आणि परिषद आहे. पैसे देत असाल तर नोंदणी विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

तो चिडतो, तो विसरतो

मेंदूच्या इजेत पायाबरोबर स्वभावही अडखळतो. शांत माणूस शिव्या देतो. सकाळचे संध्याकाळी आठवत नाही. भलत्या वेळी रडू येते, हसू येते. तोल नसताना एकदम उठायला जातो. घरचे म्हणतात, ‘नाटकं करतोय’ किंवा ‘डोक्यावर परिणाम झाला’. हा इजेचाच भाग आहे. त्याच्याशी भांडून काही होत नाही. एका वेळी एकच सूचना द्या, छोट्या वाक्यात. टीव्ही बंद करा, पाहुण्यांची गर्दी कमी करा. व्यायामाची वेळ रोज तीच ठेवा. एक पाऊल जमले की सांगा, ‘जमलं’. फार त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहे.

काठीची लाज कशाला?

बरेच तरुण आम्हाला म्हणतात, ‘ताई, काठी घेऊन चौकात कसा जाऊ?’ आणि मग घरातच राहतात. घरात राहिले की चालणे कमी, चालणे कमी झाले की पाय पुन्हा ढिला.

त्यांना आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आठवायला सांगतो. बाबासाहेबांचे दुखणे वेगळे होते. मधुमेह होता, पायांच्या नसांचे दुखणे होते. धम्मदीक्षेच्या त्या दिवशी ते आले तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर होता. लाखो लोकांनी ते पाहिले. त्या काठीने बाबासाहेब लहान दिसले असे आजवर कोणी म्हटले आहे का? काठी, वॉकर, दुसऱ्याचा खांदा ही माणसाला पुढे नेणारी साधने आहेत. ती वापरायची आणि जिथे जायचे तिथे जायचे.

काही जणांचे पाय परत येणार नाहीत, हेही खरे सांगितले पाहिजे. खोटी आशा हाही अन्यायच. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. त्यांची इजा मेंदूची नव्हती आणि त्यांचे चालणे परत आले नाही. पण उपचार म्हणून सुरू केलेल्या पोहण्याने त्यांना १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या स्पर्धेत सुवर्णपदकापर्यंत नेले. चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही बाहेर पडला पाहिजे, कामाला लागला पाहिजे. फिजिओथेरपीचा हेतू तोच आहे.

बाई आजारी पडली तर

हे लिहिताना आमचा हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. पुरुषाला मार लागला तर बायको रात्री उठून त्याची कूस बदलते. बाईला मार लागला तर बऱ्याच घरांत तिला माहेरी पाठवतात. ‘तिची आई करील.’ तिच्या व्यायामाला वेळ नसतो, कारण ज्या वेळेत तिला उठवायचे त्या वेळेत स्वयंपाक करायला आता दुसरे कोणी नसते. आणि ती थोडी उभी राहू लागली की सगळ्यात आधी चुलीपुढे उभी केली जाते.

घराघरांतून आम्ही सांगतो, नवऱ्याने, मुलाने, दिराने हे काम शिकले पाहिजे. कमरेला ओढणी बांधून आधार देणे हे ताकदीचे काम आहे, ते पुरुषांना चांगले जमते. समतेची भाषा सभेत बोलतो, ती बाजेपाशी दिसली पाहिजे.

विहाराच्या ओट्यापाशी दोन बांबू

आता वस्तीने काय करायचे? चालायला शिकवणाऱ्या खोलीतले सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे दोन समांतर दांड्या. त्या दोन मजबूत बांबूंच्या किंवा लोखंडी पाईपच्याही होतात. साधारण १० फूट लांब, जमिनीत पक्क्या गाडलेल्या, मध्ये माणूस सहज मावेल एवढे अंतर, आणि उंची अशी की धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहील. वर गुळगुळीत, खाली जमीन सपाट. विहाराच्या ओट्याला लागून मोकळी जागा असते. तिथे हे एका दिवसात उभे राहते. डोक्याला मार लागलेला, लकवा झालेला, मांडी मोडलेली म्हातारी, सगळ्यांना उपयोगी.

दुसरे, पाळी लावा. महिला मंडळ आणि तरुणांचे मंडळ मिळून सकाळी एक तास दोन माणसे. पंधरा दिवसांची यादी. म्हणजे घरच्या बाईची मजुरी बुडत नाही आणि पेशंटला चार माणसांत यायला मिळते. फिजिओथेरपिस्टने दाखवले तेवढेच करायचे, आपले डोके चालवायचे नाही.

हक्काने मागा

एवढे करून आपण सरकारला मोकळे सोडायचे नाही. वस्तीने बांबू रोवले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही.

पहिली मागणी, फिजिओथेरपी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, रोज. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयापासून खालच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीपर्यंत फिजिओथेरपीची सोय त्यात धरलेली आहे. आपल्याकडे पद मंजूर आहे का, भरलेले आहे का, खोली आणि साधने आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. उत्तर हातात आले की निवेदनाला वजन येते.

दुसरी मागणी, पाच टक्के निधी. नगरपरिषद आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर झाला ते विचारा. वॉकर, चाकाची खुर्ची, पायाची पट्टी, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारा फिजिओथेरपिस्ट, यावर तो का खर्च होऊ नये? ग्रामसभेत, नगरसेवकापुढे हाच प्रश्न ठेवा.

तिसरे, प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सवलती मिळतात. प्रकृती स्थिर झाली की जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र हातात आले की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला द्या.

चौथे, अपघाताचा दावा. वाहनाच्या अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे भरपाई मागता येते. त्यात पुढच्या उपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचाही खर्च मागता येतो, सांभाळ करणाऱ्या माणसाचाही. म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा, गाडीभाड्याचीसुद्धा. २०२२ पासून कायद्यात अपघातानंतर ६ महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा उशीर करू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि दिव्यांगाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तडजोडीला कोणी थोडे पैसे घेऊन दारात आला तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

शिकणे ही आपल्या समाजाची जुनी ओळख आहे. शाळेची पायरी चढू न दिलेल्या माणसांच्या नातवंडांनी पदव्या घेतल्या, ते रोज थोडे थोडे शिकून. चालणेही तसेच शिकावे लागते. फरक एवढाच, इथे शिकणाऱ्याला एकट्याने जमत नाही, त्याला खांदा लागतो.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की पाच मिनिटे जास्त बसा आणि एक प्रश्न विचारा. आपल्या वस्तीत, आपल्या गल्लीत कोण बाजेवर आहे? नावे लिहून घ्या. पुरुष किती, बायका किती, किती महिने झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाच्या घरी दोघे जण जा आणि विचारा, ‘आज बसवून बघायचं का?’

जय भीम.